बाळरक्ताचा आकडा

लॅबवाल्यांवर माझा राग आहे आणि तो जायचा नाही. रक्ताचा रिपोर्ट छापायचा, एखाद्या आकड्यासमोर ठळक ‘एच’ ठोकायचा, म्हणजे जास्त, आणि हात झटकून मोकळं व्हायचं. कुणापेक्षा जास्त? जास्त म्हणजे वाईट की चांगलं? त्याबद्दल एक ओळ नाही. या एका अक्षरापायी माझ्या भाचीचा डावा पाय कामातून गेला. पंधरा वर्षांची पोर लंगडत चालते, आणि ते मशीन अजून तसंच खटाखट एच छापतंय.

आधी आमच्या घराबद्दल सांगते, नाहीतर आम्ही काय करून बसलो ते कळायचं नाही. आमचं घर कागदाचं. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून खाडीत सोडले आणि रिकाम्या झालेल्या त्या कोनाड्यात शाळेचे दाखले आणि पावत्या ठेवल्या. त्यानंतर आमच्याकडे कुणी अंगारा लावला नाही की भगताच्या दारात गेलं नाही. आजारी पडलं तर डॉक्टर. डॉक्टरने लिहून दिलं तर ते नीट वाचायचं, आणि वाचलं तर तंतोतंत पाळायचं. याचा आम्हाला केवढा तोरा! शेजारच्या कोळणी पोराची दृष्ट काढायला बसल्या की आम्ही भावंडं गालातल्या गालात हसायचो. वडील शिक्षक होते. दादा अलिबागला सरकारी कचेरीत लागला आणि अव्वल कारकून झाला. मी हरिहरेश्वरजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. कागद समोर आला की आम्हाला वाटतं, आता सगळं कळलं.

दादाच्या मुलीला सिकलसेल आहे. रक्तातली लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नळीत अडकते, आणि जिथे अडकते तिथे रक्त पोचत नाही. मग दुखणं. ते दुखणं मी पाहिलंय. चार वर्षांची असताना ती हाताची बोटं तोंडात धरून ओरडत होती आणि वहिनी नुसती तिला घेऊन घरभर फिरत होती. पहिले काही महिने मात्र पोर कशी टवटवीत, गुटगुटीत होती. नंतर सुरू झालं. वहिनी चंद्रपूरकडची, म्हणून आमच्याच नात्यातल्या बायकांनी बोलून दाखवलं की हे दुखणं तिकडून आणलं. मी त्या बायकांना तिथल्या तिथे झाडलं. हा आजार व्हायला आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन बिघडलेली जनुकं लागतात, आणि दादाचं रक्त तपासलं तर त्यातही ते निघालं होतं. पण दादाला कुणी चकार शब्द बोललं नाही. बाईला बोलायला लोकांना पुरावा लागत नाही.

मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिचे उपचार सुरू झाले. तिथल्या रक्ताच्या डॉक्टर, पन्नाशीच्या बाई, त्यांच्या दाराबाहेर ही गर्दी. दोन मिनिटांत त्यांनी पाहिलं, कॅप्सूल लिहून दिली, दर काही महिन्यांनी रक्त तपासून आणा म्हणाल्या, आणि पुढचा पेशंट आत आला. कॅप्सूलने त्रास कमी होईल एवढंच सांगितलं. कसा होईल ते त्यांनी सांगितलं नाही. आणि मी, जीवशास्त्राची बाई, सोबत असून मीही विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं, आपल्याला कळतंच की यातलं.

पण कॅप्सूल लागू पडली. दोन वर्षं कशी गेली कळलं नाही. वर्षाला पाच-सहा वेळा अॅडमिट होणारी पोर एकदाही झाली नाही. अंगावर मांस आलं, चेहरा तुकतुकीत झाला. शेजारची कोळीण, जी आधी “रगात न्हाय पोरीच्या अंगात, तिसऱ्यांचं कालवण घाला तिला” म्हणून रोज वहिनीच्या मागे लागायची, तिने ते तिसऱ्यांचे शिंपले आणून देणं बंद केलं. पोरगी शाळेच्या लेझीम पथकात गेली. सुट्टीत माझ्याकडे आली की अंगणात पाय आपटून आपटून डाव दाखवायची, आणि मी कौतुकाने ओरडायची की पुरे आता, फरशी फुटेल.

मग गणपतीच्या आसपासचा तो रिपोर्ट आला. या वेळी पहिल्यांदाच अलिबागच्या एका खासगी लॅबमधला. त्यात एका ओळीवर एच होता, आणि तो आकडा बाजूला छापलेल्या नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी वर होता. बाकीचे आकडे या आजारात असतात तसेच, नेहमीचे. आता दादाचं डोकं कसं चालतं ते ऐका. त्याच्या कचेरीत फाईल आली, की तो त्यात त्रुटी शोधतो. त्रुटी सापडली की लाल शाईने शेरा मारतो, आणि तिची पूर्तता होईपर्यंत फाईल पुढे सरकू देत नाही. तीस वर्षं हेच केलेलं. त्याने पोरीच्या फाईलमधले जुने सगळे रिपोर्ट काढले, तारखेनुसार लावले, आणि त्याच्या लक्षात आलं की कॅप्सूल सुरू केल्यापासून हाच आकडा वाढत चाललाय. झालं. त्रुटी सापडली! मुंबईची तारीख तीन महिन्यांनी होती. तोवर पूर्तता म्हणून त्याने कॅप्सूल बंद केली. फाईलवर तसं लिहूनही ठेवलं, सहीनिशी.

एखाद्या अडाणी माणसाने हे केलं नसतं. त्याला रिपोर्ट वाचताच आला नसता. पोरगी खातेय, पितेय, नाचतेय एवढं बघून त्याने औषध चालू ठेवलं असतं. हे फक्त आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या, फाईल लावणाऱ्या घरातच होऊ शकतं. पोर समोर ठणठणीत उभी आहे आणि आम्ही कागदाकडे बघतोय.

पहिले दोन महिने काही झालं नाही, त्यामुळे दादाला वाटलं बरं केलं. मुंबईची तारीख आली तेव्हा शाळेची परीक्षा होती, म्हणून ती पुढे ढकलली. डिसेंबरात हात दुखायला लागले. जानेवारीत लेझीमचा सराव सुरू झाला, सकाळी गारठ्यात तास-तास मैदानावर उभं राहणं, पाणी प्यायला कोण देतंय. एके दिवशी मैदानातच ती बसली ती उठलीच नाही. मांडीत, कमरेत, पाठीत, सगळीकडे एकदम. शिक्षकांना वाटलं सोंग करतेय, सराव चुकवायचा म्हणून. त्या शिक्षकांचं काय करावं ते मला आजही सुचत नाही.

मांडव्याहून बोटीने तिला मुंबईला नेलं. मी निरोप मिळताच निघाले होते. दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्या डॉक्टर बाई आल्या, त्यांनी फाईल उघडली, दादाचा तो सहीचा शेरा वाचला, आणि त्याखालचा रिपोर्ट बाहेर काढला. मग रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाल्या, “या अख्ख्या कागदावर ही एकच गोष्ट चांगली होती. आणि तीच तुम्ही बंद केलीत.”

मग त्यांनी आमच्या केसपेपरच्या पाठीमागे दोन रेघा काढल्या. एक उंचावरून खाली येणारी, दुसरी खालून वर चढणारी, मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, आईच्या रक्तातला ऑक्सिजन ओढून घेणारं. त्याचं जनुक निराळं. बाळ जन्मलं की पुढच्या काही महिन्यांत ते जनुक हळूहळू गप्प होतं आणि मोठ्यांच्या हिमोग्लोबिनचं जनुक कामाला लागतं. सिकलसेलची चूक आहे ती या मोठ्यांच्या जनुकात. म्हणून तर पोर पहिले महिने गुटगुटीत होती. आणि ती कॅप्सूल काय करत होती, तर गप्प झालेल्या त्या जुन्या जनुकाला थोडंसं जागं करत होती. बाळाचं हिमोग्लोबिन जितकं जास्त, तितक्या पेशी कमी वाकड्या होणार. एच आला होता तो त्याच्याच समोर. लॅबने मर्यादा छापली होती निरोगी मोठ्या माणसाची. तो आकडा आमच्या पोरीत वाढलेला असणं हेच औषधाचं काम होतं.

वहिनीला ते नीट कळेना. जे बाळपणी संपलं ते परत कसं येणार, असं ती विचारत होती. मी तिला सांगितलं, पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की कोळी होड्या वर ओढून त्यांवर झावळ्यांचे झाप घालून ठेवतात ना, तसं. होडी मोडत नाहीत, विकत नाहीत, ती तिथेच असते, फक्त झाकलेली. औषध एका बाजूने झाप वर करतं. वहिनीने मान हलवली आणि म्हणाली, म्हणजे बाळरक्त. तेव्हापासून आमच्या घरात त्याला बाळरक्तच म्हणतात. कॉटवर पडलेली पोरगी हे सगळं ऐकत होती. तिने मला विचारलं, “आत्या, हे तुझ्या पुस्तकात आहे?”

आहे. हेच तर आहे! अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. डोळ्याच्या पेशीकडेही यकृताची जनुकं आहेत, फक्त तिथे ती गप्प आहेत. कुणी कधी बोलायचं आणि कुणी कधी गप्प बसायचं यावरच एका पेशीचं अख्खं बाळ होतं. गप्प बसायला हवं त्याने तोंड उघडलं की गाठ वाढते. सतरा वर्षं मी हे शिकवतेय. बोर्डाला आकृतीला गुण असतात म्हणून ती आकृती दोनदा काढून घेते. त्या दोन रेघाही मी फळ्यावर काढलेल्या आहेत, अक्षांना नावं देऊन. त्या रेघा माझ्याच भाचीच्या अंगात चालल्यात हे मात्र एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

पण त्या वेळी हे काही मला सुचलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि समोर दादा होता. वॉर्डातच मी त्याला फाडून खाल्लं. कारकुनी डोकं म्हटलं. पोर म्हणजे काय फाईल आहे का, शेरे मारायला, असं म्हटलं. एका फोनचं अंतर होतं आपल्यात, विचारायला काय झालं होतं, असं मी सगळ्यांदेखत विचारलं. बाजूच्या कॉटवरचे लोक बघायला लागले. वहिनीने माझा हात धरला. दादा पोरीच्या पायथ्याशी फाईल छातीशी धरून उभा होता. त्याने मान खाली घातली आणि एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, बोलणार कुठल्या तोंडाने.

दुखणं आठ दिवसांत ओसरलं. कॅप्सूल परत सुरू झाली. पण डाव्या मांडीच्या हाडाचा गोल, जो खुब्यात बसतो, त्याचं रक्त बंद झालं होतं. तेवढं हाड मेलं. मोठी तपासणी केली तेव्हा डॉक्टर बाईंनी दाखवलं आणि सांगितलं की ते परत जिवंत व्हायचं नाही. पुढेमागे ऑपरेशन करावं लागेल. लेझीम नाही, उड्या नाहीत. पोरीने विचारलं, पुढच्या वर्षी? बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला तो हात फिरवणंही सहन झालं नाही.

माझा राग लॅबकडे वळायला वेळ लागला नाही. मार्चमध्ये एक दिवस रजा टाकली, दिघीला फेरीबोट पकडली, आगरदांड्याला उतरले, एसटीने मुरूडमार्गे अलिबाग. अख्खी वाट मी मालकाला काय काय सुनवायचं त्याची तयारी करत होते. फेरीबोटीवर बहुधा मोठ्याने बोलले असणार, कारण शेजारी बसलेल्या बाईने आपली टोपली उचलली आणि ती पलीकडच्या बाकावर गेली.

लॅबचा मालक माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर सरकवलेला, शांत माणूस. शांत माणसं मला अशा वेळी जास्त चिडवतात. मी सुरू केलं. तुम्हाला पेशंटचा आजार ठाऊक, औषध ठाऊक, फॉर्मवर लिहिलेलं असतं, तरी तुम्ही निरोगी माणसाची मर्यादा छापता आणि वर एच ठोकता. तुमच्या एका अक्षराने पोर लंगडी झाली. तो म्हणाला की मर्यादा मशीनमध्ये कंपनीनेच भरलेल्या असतात, त्यात औषधाचा विचार नसतो, आणि म्हणून तर खाली डॉक्टरांना दाखवा असं छापतो. मी म्हटलं, ते मुंगीएवढ्या अक्षरात छापता. तो म्हणाला, रिपोर्ट बघू. फाईल दादाकडे होती. पण दादाने त्या वेळी मला फोटो पाठवला होता हे मला आठवलं. मी फोन काढला, मागे मागे गेले, सप्टेंबरातला तो फोटो सापडला, आणि फोन त्याच्या नाकासमोर धरला.

त्याने चष्मा खाली घेतला आणि वाचला. मग बोटाने फोटो वर सरकवला. मग फोन हळूच माझ्याकडे वळवून म्हणाला, “मॅडम, खाली तुमचंच उत्तर आहे.”

फोटोच्या खाली दादाने लिहिलं होतं: एच आलाय. औषधामुळे वाढलंय का? बंद करावं का थोडे दिवस? आणि त्याच्या खाली मी: हो, बरंच वाढलंय. कर.

मला तो दिवस आठवला. मी बारावीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. त्यात एक प्रश्न होता, जनुकांच्या नियंत्रणावर टीप लिहा. दादाचा मेसेज आला तेव्हा कुणाला तरी अर्धा गुण द्यावा की नाही या विचारात मी होते. फोटो मोठा करून पाहिला, एच दिसला, उत्तर लिहिलं, फोन पालथा ठेवला. अर्धं मिनिटसुद्धा नसेल लागलं. म्हणजे दादाने ते एका फोनचं अंतर ओलांडलं होतं. मला विचारलं होतं. आणि मी हो म्हटलं होतं.

लॅबवाल्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. खरं सांगते, त्या क्षणी तो चार शब्द बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. जाताना म्हणाला, या औषधावरच्या पेशंटसाठी खाली एक ओळ छापायची सोय करतो. अजून केलेली नाही. मी दोनदा आठवण दिली आहे, तिसऱ्यांदा देणार आहे.

तिथून मी दादाच्या घरी गेले आणि तो कचेरीतून यायची वाट बघत बसले. तो आला, दाराशी चपला काढत होता, तिथेच मी त्याला सांगितलं की मला तो मेसेज सापडला. तो म्हणाला, मला माहीत होतं. मी विचारलं, मग त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला एवढी बोलले, तेव्हा तू गप्प का राहिलास? त्याने चपला नीट जोडीने भिंतीला लावल्या.

“पोरगी ऐकत होती,” तो म्हणाला. “बाप चुकला हे तिला कळलंच होतं. निदान आत्याला तरी यातलं कळतं असं तिला वाटू दे म्हटलं.”

मी आजवर कितीतरी लोकांना फैलावर घेतलंय, पण स्वतःला कसं घ्यायचं ते मला येत नव्हतं. रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला. दादा आत जाऊन चहा ठेवायला लागला. त्याला सांगितलं की हे मी पोरीला सांगणार. तो नको म्हणाला. वहिनी मात्र मागून म्हणाली, सांगा, तिचा पाय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती शाळेसाठी वेणी घालत असताना मी तिच्यासमोर फोन ठेवला. तिने वाचलं. अर्धी वेणी तशीच हातात धरून दोनदा वाचलं. मग वेणी पुरी घातली, दप्तर उचललं आणि शाळेत गेली. भिंतीला हात लावत जिना उतरली. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी फोनवर बोलली नाही.

यंदा वर्गात मी आमच्या रिपोर्टवरून, नाव झाकून, तो आकडा फळ्यावर लिहिला, शेजारी एच लिहिला, आणि विचारलं, औषधाचं काय कराल? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, बंद. पुस्तक सगळ्यांच्या समोर उघडं होतं, पान तेच होतं. मी चिडले नाही, याचं मुलांना नवल वाटलं.

गेल्या आठवड्यात दुपारी फोन आला. दादाचा नंबर होता, बोलत ती होती. नवा रिपोर्ट आला होता.

“आत्या, बाळरक्ताला एच आलाय. हा चांगला ना?”

हो म्हटलं, खूप चांगला.

“मग आता माझा पाय बरा होईल?”

माझ्या तोंडात नेहमी काहीतरी तयार असतं. होईल गं, बघू, डॉक्टरांना विचारू, असं कितीतरी. मी म्हटलं, “नाही. दुखणं कमी होईल. पाय तसाच राहील.”



“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “तू खरं सांगतेस का ते बघत होते.”